पडण्याच्या जागा

माझा धंदा ऐकण्याचा. लांज्यात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, काजूगराच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं कुटुंब सल्ला केंद्र आहे आणि तिथं गेली कित्येक वर्षं मी समोरच्या खुर्चीतल्या बाईचं ऐकत बसते. खालून काजू भाजल्याचा वास वर येतो. त्यामुळे रडता रडता बायकांना भूक लागते. ही मी केंद्राची जमेची बाजू समजते, कारण भूक लागलेली बाई जरा तरी स्वतःचा विचार करायला लागते.

ऐकायला बसले तेव्हा पहिली गोष्ट मला कळली ती ही, की आमच्या तालुक्यातल्या बायका फार पडतात. न्हाणीत पडतात, मागीलदारी पडतात, माळ्याच्या शिडीवरून पडतात. एकीला तर दर पंधरवड्याला कपाटाचं दार लागायचं, तेही नेमकं डाव्या डोळ्यावर. जांभ्याच्या पायरीवर शेवाळ धरतं, कोकणात निसरडं असतं, सगळं कबूल. पण मग त्याच पायरीवरून तिचा नवरा कसा घसरत नाही? त्याचे पाय काय वेगळ्या मातीचे? हे मी मनात म्हणते. तोंडानं म्हणते, "न्हाणीत होय? बरं. चहा घेणार ना?" कारण पहिल्या भेटीत खोटं पकडलं की बाई दुसऱ्या भेटीला येत नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. दार किलकिलं ठेवायचं आणि गप्प बसायचं. माझ्यासारख्या फटकळ बाईला हा धडा शिकायला किती जड गेला असेल, ते माझ्या सासूला विचारा.

दर गुरुवारी दुपारी आमची एक बैठक असते. घरच्या मारातून सुटलेल्या आणि सुटू बघणाऱ्या बायका त्या दिवशी एकत्र बसतात. भाजी निवडतात, गोधडी शिवतात, बोलतात. तिथल्या म्होरक्या म्हणजे सगळ्यांच्या आजी. सह्याद्रीच्या पायथ्याकडच्या एका गावातल्या, केस पांढरेशुभ्र, जीभ मात्र अजून तरणीताठी. कोणी बाई धीर करून वेगळी खोली घेऊन राहिली, किंवा नवऱ्याला तोंडावर सांगून माहेरी निघून आली, की आजी बैठकीत जाहीर करायच्या, "ही बघा, ही पण पडली आज. बाहेर पडली." मग टाळ्या आणि शेंगदाण्याचे लाडू. आमच्याकडे पडणे या शब्दाला असे दोन अर्थ आहेत, आणि एका अर्थापासून दुसऱ्यापर्यंत जायला काहींना अर्धा जन्म लागतो.

आमच्या जिन्यावर पुरुषही येतात, नाही असं नाही. बहुतेक बायकोला परत न्यायला येतात आणि माझ्यावर डोळे वटारतात. स्वतःचं दुखणं घेऊन येणारा विरळा. एक म्हातारे गृहस्थ आले होते, त्यांच्यावर मुलगा हात उचलायचा. एकाला थोरल्या भावांनी जमिनीच्या वादातून झोडपलं होतं. म्हणजे घरात पुरुषाला मारणाराही पुष्कळदा पुरुषच, असं मला दिसलेलं. बायकोचा मार खाणारा नवरा म्हणाल, तर तो आमच्या गावाला ठाऊक होता फक्त नमनातला.

नमन म्हणजे शिमग्यात आमच्याकडे गावोगाव होणारा खेळ. गणपती येतो, गवळणी येतात, काळ्या कपड्यांतला संकासूर येऊन पोरांना घाबरवतो आणि शेवटाला एक फार्स असतो. आमच्या गावच्या फार्समध्ये वर्षानुवर्षं एक काटकुळा नवरा आणि एक दांडगी बायको. बायको अर्थात पुरुषच, मिशीवर पदर धरून. ती नवऱ्याला लाटण्यानं बडवते आणि गाव पोट धरून हसतं. लाटणं काही खरं लागत नाही. आवाज येतो तो मृदंगाचा. लाटणं पाठीजवळ आलं की मृदंगावर थाप, लाटणं परत आलं की परत थाप. ही थाप अचूक द्यायला हात सराईत लागतो, आणि तो हात होता माझ्या दादाचा.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. उंच, रुंद, वासराएवढे दंड. मुंबईत गिरगावच्या एका छापखान्यात नोकरी करून कंटाळला आणि गावी परत येऊन आमच्या हापूसच्या कलमांकडे बघायला लागला. बोलायला कमी, हसायला जास्त. वहिनी चिपळूणची. ठेंगणी, गोरी, बोलायला गोड आणि हाताला अशी चव की तिच्या हातची फणसाची भाजी खाऊन माझ्या नवऱ्यानं मला भाजी कशी करतात ते शिकून यायला सांगितलं होतं. मी त्याला काय सांगितलं ते इथं लिहीत नाही. दोघांना एक मुलगी, ती रत्नागिरीला वसतिगृहात राहून शिकते. बाहेरून बघणाऱ्याला दृष्ट लावावीशी वाटेल असं घर.

तर श्रावणातला एक गुरुवार. दादा एसटीनं केंद्रात आला. एका बगलेत परसातल्या वेलावरचं मोठं चिबूड, आणि दुसरा हात मनगटापासून कोपरापर्यंत पट्टीत, गळ्यात अडकवलेला.

"हे काय झालं?"

"पडलो गो. कलमावरून."

मी चिबूड हातात घेतलं आणि त्याच्याकडे बघत राहिले. आता हे कोकणाबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आंबा उतरतो तो उन्हाळ्यात. पावसाला सुरुवात झाली की बागेत काम असतं ते खाली, मुळाशी. वर चढायचं कारण नाही, फळ नाही, आणि खोडावर असं बुळबुळीत शेवाळ असतं की माकडसुद्धा विचार करून चढेल. श्रावणात कलमावरून पडलो म्हणणं म्हणजे चैत्रात भातलावणी करताना चिखलात रुतलो म्हणण्यासारखं. पण दादा लहानपणापासून कच्चा खोटारडा. पुरुषानं कुठून पडावं, तर झाडावरून, एवढंच त्याला सुचलं होतं.

"वर काय करत होतास?"

"बांडगूळ काढत होतो."

"पावसात?"

"उघडीप होती जरा."

"आणि एकाच हातावर पडलास? एवढा मोठा देह, बाकी कुठं खरचटलंसुद्धा नाही?"

दादा खिडकीतून खाली गल्लीकडे बघायला लागला. समोर दुसरी कोणी बाई असती तर मी चहा विचारला असता आणि गप्प बसले असते. पण हा माझा दादा. शाळेत जाताना वहाळ आला की मला खांद्यावर घेऊन पलीकडे नेणारा. मला वाटलं, त्याला धरून गदागदा हलवावं आणि ओरडावं, कोणी मारलं तुला, नाव सांग. कसाबसा तो धडा आठवला. म्हटलं, "बरं. कलमावरून. चहा घेणार ना?"

माझाच तो साळसूद आवाज ऐकून मला माझाच राग आला.

चहा होईपर्यंत पाऊस असा कोसळायला लागला की समोरचा स्टँड दिसेना. तसल्या हातानं एवढ्या पावसात त्याला बाहेर जाऊ देणं शक्यच नव्हतं. आणि तेवढ्यात छत्र्या झटकत, साड्या पिळत बैठकीच्या बायका जिना चढून वर आल्या. आमच्याकडे खोली एकच. दादा उठून बाहेर जिन्यात उभा राहायला निघाला, तर आजींनीच त्याला खाली बसवलं. "बसा ओ. आम्ही काय खातो की काय तुम्हाला?" मी ओळख करून दिली की हा माझा भाऊ. बायका सावरून बसल्या, पुढ्यात भाजीच्या जुड्या घेतल्या. दादा बाकाच्या कडेला, गुडघे जुळवून, नवी सून बसते तसा बसला.

जरा वेळानं आजींनी मान वर न करता विचारलं, "काय झालं ओ हाताला?"

"कलमावरून पडलो."

त्या खोलीतल्या सगळ्या शेतातल्या, बागेतल्या बायका. श्रावणात कलमावर कोणी चढत नाही हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. आणि पडण्यातलं तर त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. मला वाटलं, आता कोणीतरी फिस्सकन हसणार आणि दादा त्या पावसात उठून चालता होणार. तसा तो गेला असता, तर परत कधी आला नसता.

आजींनी हातातली मेथीची काडी मोडली आणि म्हणाल्या, "मी न्हाणीत पडायची."

दादानं वर बघितलं.

"बारा महिने पडायची. माझी न्हाणी उन्हाळ्यात पण निसरडी."

शेजारची म्हणाली, "माझं मागीलदार. तीच ती पायरी, आणि नेहमी डोक्यावर."

"मला म्हैस लाथ मारायची," तिच्या पलीकडची म्हणाली. "आणि आमच्याकडे म्हैस नव्हतीच."

यावर पहिली हसली ती स्वतः म्हैसवाली. मग आजी हसल्या, मग सगळी खोली हसायला लागली. मी बैठकीत पुष्कळ हसणं ऐकलंय, पण असं नाही. पोफळीच्या वीज प्रकल्पाच्या वसाहतीतून लांज्यात राहायला आलेली एक शांत बाई होती, ती महिनोन्‌महिने तोंड उघडत नव्हती. ती डोळे पुसत म्हणाली, "आमच्या कॉलनीत तर सगळी जमीन सपाट हो, काँक्रीटची. मला पडायला जागाच सापडायची नाही. शेवटी मी स्कूटरवरून पडायला लागले." स्कूटर येते का, असं कोणीतरी विचारलं. तर म्हणाली, "नाही ना." मग तर जुड्या बाजूला पडल्या आणि बायका एकमेकींच्या अंगावर कलंडल्या.

आणि दादाही हसत होता. आधी तोंड मिटून, मग खांदे हलायला लागले, मग तो मोठमोठ्यानं हसला. त्या खोलीत त्याला कोणीच हसत नव्हतं, त्याच्याबरोबर हसत होत्या. एवढा मोठा माणूस हसता हसता केव्हा रडायला लागला ते कळलंच नाही. मी उठणार होते. आजींनी मला डोळ्यानं दटावलं.

"फुंकणीनं," दादा म्हणाला.

आमच्या घरी न्हाणीतलं पाणी अजून चुलीवर तापतं. तिथली लोखंडी फुंकणी. मी लहानपणी तिनं जाळ फुंकायची.

मग त्यानं थोडं थोडं सांगितलं. पहिल्यांदा वहिनीनं चहा अंगावर फेकला होता. मग हात. मग हाताला येईल ते. मुलगी शिकायला गेल्यापासून वाढलं होतं. "मी हात धरला असता तर धरता आला असता," तो म्हणाला. "पण माझा हात बघा केवढा. तिचं मनगट मोडलं असतं तर? मग मीच मारकुटा." एकीनं विचारलं, मग इतके दिवस राहिलात कशाला? तर म्हणाला, पोरीचं लग्न व्हायचंय. हे उत्तर त्या खोलीतल्या प्रत्येकीनं कधी ना कधी दिलं होतं.

"आणि सांगणार कोणाला?" दादा म्हणाला. "नमनात त्या नवऱ्याला लाटणं बसतं तेव्हा थाप मीच देतो. सगळा गाव माझ्या थापेवर हसतो. आता त्याच गावाला सांगू, की माझ्या घरी खरं चाललंय म्हणून?"

आजींनी भाजीचं टोपलं बाजूला सारलं. "मग देऊ नका थाप," त्या म्हणाल्या. एवढंच.

पाऊस उघडला तसा मी त्याला गावच्या एसटीत बसूच दिलं नाही. फुंकणी आज हातावर बसली, उद्या डोक्यात बसली असती, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण त्याला न्यायचं कुठं? आमच्याकडे येणाऱ्या बाईला मी पहिलं विचारते, माहेरी कोण आहे? बायकांचं माहेरही पुष्कळदा नावाचंच असतं, पण निदान शब्द तरी असतो. पुरुषाला तेवढंही नाही. ज्या घरात मार बसतो तेच त्याचं घर, जन्मापासून. मी म्हटलं, "चल. माझं घर ते तुझं माहेर."

"लोक काय म्हणतील? भाऊ बहिणीकडे माहेरपणाला आला?"

"म्हणू देत. डोहाळे लागलेत म्हणून सांगेन."

आणि खरंच मी त्याचं माहेरपण केलं. माझ्या सासूनं तर कमाल केली. तिनं काही विचारलं नाही, सकाळी त्याच्या पुढ्यात गरम घावणे आणि नारळाचं दूध ठेवलं आणि म्हणाली, "माहेरी आलेल्यानं कामाला हात लावायचा नसतो." हात पट्टीतच होता, लावणार कशाला? दादा इतक्या दिवसांनी पोटभर झोपला. त्याच्या घोरण्यानं आमच्या घरातला कोणी झोपला नाही ती गोष्ट वेगळी.

वहिनीशी मी बोलले नाही. म्हणजे मला बोलायचं होतं, फार बोलायचं होतं, आणि म्हणूनच बोलले नाही. नणंदेनं समुपदेशन करायचं नसतं, आणि माझी जीभ मला माहीत आहे. रत्नागिरीची माझी एक मैत्रीण हेच काम करते, तिनं दोघांना वेगवेगळं भेटायचं ठरवलं. वहिनी आधी म्हणाली, एवढा मोठा पुरुष, त्याला काय लागतंय माझ्या हातचं? हे वाक्य मी वेगळ्या तोंडांतून शंभरदा ऐकलंय, फक्त नवऱ्यांच्या. मग पुढे ती स्वतःचंही काहीबाही बोलायला लागली, तिच्या लहानपणीचं. मैत्रिणीनं मला ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मुलीला दादानं स्वतःच सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मला ठाऊक होतं. तू सांगायची वाट बघत होते."

मध्येच एक गृहस्थ भेटले, आमच्या गावातलेच, शिकलेसवरलेले. कुणकुण लागलेली. विजयी चेहऱ्यानं म्हणाले, "बघा, पुरुषही मार खातात. मग बायकांसाठी एवढं केंद्र नि कायदे कशाला?" मी म्हटलं, "काका, माझ्या एका दादासमोर किती बायका बसल्या होत्या ते मोजायला या गुरुवारी. आणि येताना सांगा, या दादासाठी तुम्ही काय केलंत? की नुसता माझ्याशी भांडायला वापरताय त्याला?" काकांना तेवढ्यात कोणाची तरी गाडी पकडायची आठवली.

हात बरा झाला. दादा माझ्याकडून निघाला तो घरी नाही, बागेतल्या दोन खोल्यांत राहायला गेला. स्वतःचं शिजवायला शिकला. त्याची आमटी मी खाल्ली आहे आणि त्याबद्दल मौन पाळते.

मग शिमगा आला. हल्ली पोरांच्या परीक्षा म्हणून नमन दिवेलागणीलाच उभं राहतं. दादा मृदंग घेऊन बसणार की नाही, याची मलाच धाकधूक. पण बसला, नेहमीच्या जागी, पुढ्यात माईक. बायकांच्या बाजूला मी बसले होते, आणि माझ्या शेजारी आजी, खास त्यांच्या गावाहून आलेल्या. गण झाला, गवळण झाली, संकासूर नाचून गेला. फार्स सुरू झाला. मिशीवाली बायको पदर खोचून आली, लाटणं उगारलं, काटकुळा नवरा पाठ वाकवून तयार.

लाटणं खाली आलं. थाप आली नाही.

लाटणं परत आलं. दादाचे दोन्ही हात मृदंगावर सपाट ठेवलेले. मार खाणारा नवरा वाकून तसाच थांबला, बायकोनं मिशीवरचा पदर सोडला, आणि हसायच्या तयारीत असलेल्या गावाला कळेना कुठं हसायचं. आवाजाविना ते नुसतं एका माणसानं दुसऱ्याला मारणं दिसत होतं.

टाळ वाजवणारा दादाकडे वाकला. "काय रे, हात दुखतोय अजून? कलमावरून पडलास म्हणे."

"कलमावरून नाय रे," दादा म्हणाला, अगदी साधं, नेहमीच्या आवाजात. "घरातच पडत होतो. आता बाहेर पडलोय."

मृदंगासमोरचा माईक चालूच होता. आजींनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली, आणि बायकांच्या बाजूनं पहिली टाळी पडली.